कॉम्प्युटर आहे म्हणून पायलट नुसता बसलेला नसतो

एकांनी लिहिलंय की फ्लाय-बाय-वायर (पायलटचा हुकूम तारांतून विजेच्या संकेतांनी पोचवणारी यंत्रणा) म्हणजे विमान कॉम्प्युटरच उडवतो आणि पायलट फक्त बसून असतो. हे अजिबात पटलं नाही, म्हणून लिहितोय.

एअरबस ए३२० घ्या, १९८८ पासून प्रवासी सेवेत आहे. त्यात पायलट साइडस्टिक (बाजूला असलेली छोटी दांडी) डावीकडे दाबतो म्हणजे तो सांगतो की मला एवढ्या वेगाने डावीकडे कलायचंय, मग एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा हलता भाग) किती हलवायचं, स्पॉयलर (पंखावरची उघडणारी फळी) किती उचलायचा हे कॉम्प्युटर ठरवतो आणि खरी ताकद लावतं ते हायड्रॉलिक, म्हणजे दाबाखालच्या द्रवाची यंत्रणा, ३००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची. हे काम ७ कॉम्प्युटरमध्ये वाटलेलं असतं आणि हायड्रॉलिकच्या ३ वेगळ्या सिस्टिम असतात, एक गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. सगळं ठीक असेल तर स्टिक कितीही दाबा, ६७ अंशांपलीकडे विमान कलू देत नाही. पण सेन्सर बिघडले की ही संरक्षणं गळत जातात आणि तिथे पायलटचा हातच लागतो, हा भाग लोक विसरतात.

याउलट बोइंग ७३७ मध्ये पायलटच्या हातापासून अजून स्टीलच्या केबल आहेत, दोन्ही मुख्य हायड्रॉलिक गेली तरी एलरॉन आणि एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) हाताच्या जोराने हलतात, जड जातात पण हलतात.

पावसाळ्यात मुंबईत उतरताना पंखामागची खिडकी मिळाली तर घाटकोपर-कुर्ल्यावरून जाताना एलरॉनकडे बघा. वाऱ्याच्या प्रत्येक झोताला ते सतत वर-खाली होत असतं, मला ते बघायला फार आवडतं.