माऊसचा इतिहास शिकवून पोरांना नोकऱ्या लागणार का?

पेठेतला_मास्तर
काल इथे कुणीतरी लिहिलं होतं, 'सरांनी १९६८ सालचा डेमो दाखवून दोन लेक्चरं फुकट घालवली, तेवढ्यात डीएसएचे (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, इंटरव्ह्यूत विचारतात ते) दहा प्रॉब्लेम झाले असते.' सोडून देणार होतो, पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. माऊस काढणारा एंगलबार्ट नव्वद मिनिटांच्या त्या डेमोत कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय करतो? बाजाराची यादी लिहितो! केळी, सूप वगैरे. मग ती यादी गटांत लावतो, मिटतो, उघडतो. पोरं म्हणणारच, 'सर, हे तर गूगल डॉक्स.' कारण आधीचं कुणी सांगत नाही. प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेली कार्डं, त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, उत्तर उद्या. एक स्वल्पविराम चुकला की परवा. ते हेलपाटे शिकवल्याशिवाय तिथल्या तिथे बदलणाऱ्या यादीतली गंमत कळत नाही.

व्हायवाला एकाला विचारलं, माऊस कुणी काढला? 'अ‍ॅपल.' त्याच्याच जर्नलमध्ये ब्रेसनहॅमची रेघ (पडद्यावर ठिपक्यांनी सरळ रेघ काढायची रीत), शेजारच्याची उतरवलेली, व्हेरिएबलची नावंसुद्धा तीच. सदरलँडच्या स्केचपॅडमध्ये, म्हणजे पडद्यावर चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये, १९६३ साली दोन रेघा काढून 'समांतर राहा' म्हटलं की त्या राहत होत्या. हे ऐकून एक तरी पोरगं वर बघतं.

हिंजवडी_शटल
ती पोस्ट माझीच. मास्तर, तुमचा पगार चालू आहे. माझ्या भावाच्या शिक्षणाचं लोन चालू आहे. मी स्वतः अकरा इंटरव्ह्यू दिले, एकानेही सदरलँड विचारला नाही. आणि आमच्या सरांनी डेमो 'दाखवला' म्हणजे व्हिडिओ लावून मागे बसून पेपर तपासले.

डावा_हात
माऊसचं कौतुक सगळे करतात. त्याच डेमोत डाव्या हाताखाली पाच कळांची पट्टी होती, तिचं नाव कुणी काढत नाही. एंगलबार्टचं म्हणणं, चार दिवस शिका, मग जन्मभर वेगाने काम करा. लोकांनी सोपं तेवढं उचललं. आपल्याकडे इन्स्क्रिप्टचं, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्डच्या मांडणीचं, तेच झालं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, आणि 'क' मराठीत जिथे तिथेच बंगालीत आणि तमिळमध्ये. तरी मराठी माणूस मराठी लिहायला आधी रोमन स्पेलिंग करतो!

हिंजवडी_शटल
आलं इन्स्क्रिप्ट! पुढचा धागा गणपतीच्या वर्गणीचा काढा, तिथेही आणा. मी फोनेटिकने लिहितो, कुणाचं अडलं नाही.

डावा_हात
तुमच्या वरच्या पोस्टमध्ये आधी 'शिक्शण' होतं. नंतर दुरुस्त केलंत, आम्ही पाहिलं.

हिंजवडी_शटल
व्याकरणाचे पोलीस आले. शिकवा मग पाच बटणांवर क्वांटम कॉम्प्युटिंग!

तीस_शब्द_मिनिटाला
भांडू नका हो. मी टाइपरायटरवर मराठी ३० पास. तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अक्षर. इन्स्क्रिप्टवर अक्षर आधी, म्हणजे बोलतो तसं. कळत होतं, पण बोटं ऐकेनात. तीन महिने माझी 'किंमत' काही सरळ उमटली नाही, साहेब रोज टेबलापाशी येऊन हसायचे. आता टाइपरायटरवर जमत नाही!

पेठेतला_मास्तर
विषय माऊसचा होता. पण हे शेवटचं मी उद्या वर्गात सांगणार आहे.

हिंजवडी_शटल
सांगा. एक लेक्चर कबूल, दुसरं डीएसएला द्या. आणि व्हिडिओ लावून पेपर तपासायचे नाहीत.
ते वेलांटीचं बटण कुठलं?

डावा_हात
एफ. अक्षराच्या नंतर. 'क्ष'चं उद्या विचारा, आज झेपणार नाही.