मदत हवी आहे: नेव्हीच्या ड्रेसवरच्या पट्ट्या

नमस्कार मंडळी, आमचं सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, अशोक चौकाकडे. एका शाळेनं ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला स्टेजवर घालायला पोरांचे नेव्हीचे ड्रेस सांगितलेत, पांढरा कपडा वगैरे सगळं जमतंय पण खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्यांचं डोकंच चालंना झालंय, कारण सरांनी पाठवलेल्या फोटोंत एकाला गोल वेढा आहे, एकाला नाही, आणि अॅडमिरलचा खांदा तर दोन फोटोंत दोन तऱ्हेचा. कोण नेव्हीतलं असेल तर सांगा की, आपल्याकडं समुद्राच्या नावानं कंबर तलाव, विचारायचं कुणाला!

दुसरं म्हणजे सरांच्या यादीत कॅप्टन लेफ्टनंटच्या वर लिहिलाय, मग आर्मीतल्या कॅप्टनसारखं तीन स्टार लावू का?

प्रतिसाद १
स्टार अजिबात नको. आर्मीचा कॅप्टन म्हणजे नेव्हीत लेफ्टनंट, आणि नेव्हीचा कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा, त्यामुळे यादी बरोबरच आहे. जरीच्या फिती अशा लावा: सब लेफ्टनंट एक, लेफ्टनंट दोन, लेफ्टनंट कमांडरला दोन जाड आणि मधे एक बारीक, कमांडर तीन, कॅप्टन चार. वेढा फक्त एकाच पट्टीला, खांद्यावर गळ्याच्या बाजूची असते तिला. तो विसरलात तर विमान कंपनीचा पायलट दिसेल पोरगं. आणि जहाजाच्या प्रमुखाला सगळे कॅप्टनच म्हणतात, त्याची रँक कमांडर असली तरी, तेव्हा नाटकात कुणी तसं हाक मारली म्हणून चौथी पट्टी चिकटवू नका.

प्रतिसाद २
अॅडमिरलचा एक फोटो जुना असणार. २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गला झाला, त्यात घोषणा झाली आणि डिसेंबरच्या शेवटी नवीन डिझाइन आलं, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरनं घेतलेला अष्टकोन, त्याच्याबरोबर तलवार, दुर्बीण, सोनेरी बटण आणि स्टार. रिअर अॅडमिरलला २, व्हाइस अॅडमिरलला ३, अॅडमिरलला ४. हे स्टार तिथंच, खालच्या अधिकाऱ्यांना नाहीत. नौदलाच्या झेंड्यावर तर अष्टकोन २०२२ पासूनच आहे, विक्रांत युद्धनौका नौदलात आली त्या वेळी बदलला ना.

सगळ्यांना अधिकारी करू नका हो पण. खलाशांतल्या लीडिंग सीमनला एक नांगर आणि त्याच्या वरच्या पेटी ऑफिसरला (नावात ऑफिसर असलं तरी तोही खलाशांतलाच) आडवे-तिडवे दोन नांगर नि वर अशोकस्तंभाचे सिंह, असे बिल्ले दंडावर लावा, अर्धी पोरं तशीच ठेवा, जहाज काय नुसत्या अॅडमिरलवर चालतंय होय?

धागाकर्ता
लई आभार. सरांना अॅडमिरल सहा पाहिजेत म्हणे, सहा पालक अडून बसलेत. एकच करा म्हणून सांगून बघतो. अष्टकोन भरतकामात बारीक निघंल का, का छापील घ्यावा, कुणी केलंय का?

प्रतिसाद २
पोरांच्या साइजला छापीलच घ्या, बारीक तलवार दोऱ्यात उठणार नाही. फिती मात्र जरीच्याच, लांबनं त्याच दिसतात. आणि कार्यक्रम झाल्यावर मोठ्या माणसानं तो ड्रेस घालून गावात मिरवू नये, खरा नौसैनिक भासवायला घातला तर गुन्हा आहे, तेवढं पालकांना सांगून ठेवा.