वक्तव्यापासून 'फारकत' कशी काय घेतात?

जुना_मुद्रितशोधक: आज पुन्हा तेच. 'प्रवक्त्याच्या वक्तव्यापासून पक्षाची फारकत.' अहो, फारकत नवराबायकोत होते! वाक्यापासून कसली फारकत? 'पक्ष अलिप्त राहिला' असं लिहायला काय होतं? बातमीदारांना शब्दांची चाडच उरलेली नाही.

रेघोटी: हे वाचून गप्प बसवेना. फारकत नवराबायकोपुरती कधीच नव्हती. मूळ शब्द फारसीतून आलेला, फारखत. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे कागद. देणं फिटलं, भागीदारी मोडली, लग्न मोडलं, की मोकळं केल्याचा कागद लिहायचे, ती फारखत.

आणि 'अलिप्त' तर इथे साफ चूक. अलिप्त तो, ज्याला काही चिकटलंच नाही, कमळाच्या पानासारखा. प्रवक्ता तुम्ही नेमलेला, माइक तुम्ही हातात दिलेला, आणि बोलणं अंगाशी आल्यावर तुम्ही अलिप्त? फारकत म्हटलं की आधी नातं होतं एवढं तरी कबूल करावं लागतं. तुमचा शब्द त्यांना फुकट सोडून देतो.

स्वभाषाप्रेमी: दोघंही फारसीच्या ओझ्याखाली. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. आणि साडेतीनशे वर्षांनी आपण फारकतीवर भांडतोय. 'संबंधविच्छेद' लिहा.

पडवी: 'पक्षाचा वक्तव्याशी संबंधविच्छेद' एकदा मोठ्याने वाचून बघा. आणि कागद, दुकान, वकील, जमीन हे सगळं कुठे टाकणार? तुमच्या घराचा 'दरवाजा'सुद्धा फारसी आहे, ते आधी बघा.

स्वभाषाप्रेमी: टवाळी सोपी असते. 'दिनांक', 'महापौर' यांनाही लोक हसले होते. आज तेच बिनदिक्कत वापरतात. तुमच्यासारख्यांमुळेच भाषा भिकेला लागली.

पडवी: भिकेला लावली ती बोलता न येणारे शब्द गळ्यात मारणाऱ्यांनी. 'दिनांक' अर्जावर राहिला. बोलताना तुम्हीही 'आज तारीख काय' असंच विचारता. 'महापौर' रुजला हे मात्र खरं. तेवढं घ्या.

ओटी_पदर: तुमचं फारसी-संस्कृत चालू द्या, मला वेगळंच सांगायचंय. माझं लग्न मोडलं तेव्हा नातेवाईक म्हणायचे, 'हिला सोडलीय.' निघाले होते मी. दावा मी लावला, सह्या करायला आधी मी गेले, तरी तोंडी तेच. आमच्या एका आजीने एकदा भर बैठकीत सुनावलं, 'सोडली नाही, तिनं फारकत घेतलीय.' सोडचिठ्ठी दुसरा देतो, फारकत आपण घेतो. 'घटस्फोट' कोर्टाच्या कागदावर ठीक आहे, पण मला उभं केलं ते त्या 'घेतली'नं. हा शब्द कोणी काढायला सांगितला की मला राग येतो, आणि तो यायलाच हवा.

जुना_मुद्रितशोधक: ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. इतक्या जड प्रसंगाचा शब्द उद्या पक्ष, परवा क्रिकेट संघटना, तेरवा एखादी नटी वापरणार. शब्द झिजतो तो असाच.

ओटी_पदर: झिजत नाही. तो मलाही मिळाला तो बोलण्यात होता म्हणूनच.

हिशेबनीस: रेघोटी, व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष नाही. आमच्याकडे पणजोबांच्या भागीदारीची फारखत आहे. कोणी किती घेतलं, कोणी काय सोडलं, पुढे एकमेकांवर दावा नाही, सगळं ओळीने लिहिलेलं आणि खाली साक्षीदारांचे अंगठे. म्हणजे हिशेब चुकता केल्याशिवाय फारकत नाही. पक्ष काय चुकतं करतो? प्रवक्ता पदावर तसाच, माफी नाही, दोन ओळींचं पत्रक. याला मराठीत हात झटकणं म्हणतात. काखा वर करणं म्हणतात. बातमीत तेच छापा.

रेघोटी: 'पक्षाने हात झटकले' हा संपादकाचा शेरा झाला, बातमी नव्हे. पण हिशेबाचा मुद्दा बिनतोड आहे, नाइलाजाने मानते. प्रवक्त्याला काढलं तरच 'फारकत' लिहावं. नाहीतर सरळ 'हे आमचं मत नाही, असं पक्षाने म्हटलं' एवढंच. 'अलिप्त' मात्र कदापि नाही.

जुना_मुद्रितशोधक: म्हणजे आजच्या बातमीत 'फारकत' चूकच ना? मी पहिल्या ओळीपासून तेच म्हणतोय.

रेघोटी: तुम्ही म्हणालात ती नवराबायकोत होते म्हणून चूक. ते कारण आजही खोटंच आहे.

स्वभाषाप्रेमी: 'संबंधविच्छेद'ला कोणी उत्तर दिलेलं नाही.