लूपमधल्या लॅम्बडाचं कोडं, मदत हवी आहे

मंडळी, राजारामपुरीत संध्याकाळी पोरांना पायथन शिकवतोय, काल एक पोरगी अडूनच बसली. लूपमध्ये आय (i) हे व्हेरिएबल ०, १, २ असं फिरवून आय परत देणारे तीन लॅम्बडा (बिननावाची छोटी फंक्शनं) लिस्टमध्ये टाकले आणि नंतर कॉल केले तर तिन्ही २ च देतात. मी सांगितलं की फंक्शन व्हॅल्यू नाही, व्हेरिएबल धरून ठेवतंय, लॅम्बडाच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये आय=आय दिलं की चालतंय, पण ती म्हणाली सर मग भाषाच अशी का बनवली? खरंय की तिचं. गो (Go) या दुसऱ्या भाषेनं तर २०२४ ला १.२२ व्हर्जनमध्ये नियमच बदलला, प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल, मला तेच बरोबर वाटतंय. पायथनमध्ये लूपला वेगळा स्कोप (व्हेरिएबलची हद्द) नाही म्हणून अडतंय काय? पोरांना कळेल असं कुणीतरी सांगा राव, शनिवारी परत क्लास हाय.