सिगारेट सुटली, आता पोट सुटलंय. नाशिककरांनो, काय करू?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुमारास सिगारेट सोडली. रोज एक पाकीट तरी व्हायचंच. आता सकाळचा खोकला गेला, जिना चढताना धाप लागत नाही, घरचे खूश. फक्त पँटचं बटण लागेना झालंय. चार किलो वाढले आणि काटा थांबायचं नाव घेत नाही.

सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे 'रोज पहाटे जिमला जा' हा सल्ला कृपया नको. टी-ब्रेकला सगळे टपरीवर जातात, मीही जातो. ओढत नाही, पण हातात बिस्किटाचा पुडा असतो. एक मित्र म्हणतो, जेवणानंतर एकच ओढत जा, भूक मरते. खरं सांगतो, मोह होतो. अनुभवी लोकांनी सांगा.

गंगेवरचा

आधी अभिनंदन भाऊ. आणि मित्राला सांगा, एक कधीच एक राहत नाही.

तोंडाला चव परत आली ना? माझं तेच झालं होतं. इतकी वर्षं मिसळ खात होतो, पण रश्श्यात काय काय असतं ते सिगारेट सुटल्यावर कळलं. मग काय, दर रविवारी मिसळ, वर दही, पापड, शेवटी जिलेबी. रविवार मी सोडला नाही. जिलेबी आणि दुसरी तर्री सोडली.

मेडिकलवाली

इंदिरानगरला औषधाच्या दुकानात बसते, हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं. जरा सविस्तर लिहिते.

निकोटिन भूक दाबतं आणि शरीराचा बसल्या जागचा खर्चही वाढवतं. पाकीटभर ओढणाऱ्याचा हा जास्तीचा खर्च दिवसाला साधारण २०० कॅलरींपर्यंत जातो. सिगारेट बंद झाली की तो खर्च थांबतो, भूक मात्र मोकळी सुटते. त्यात हाताला चाळा हवा असतो, म्हणून बिस्किटं. तुमचे चार किलो इथून आलेत, तुमच्यात काही बिघाड झालेला नाही.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१२ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. कोणतंही औषध न घेता सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढलं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. सुमारे १६ टक्के लोकांचं उलट कमी झालं आणि सुमारे १३ टक्क्यांचं १० किलोंहून जास्त वाढलं. म्हणजे तुम्ही अगदी मधल्या घोळक्यात आहात आणि सगळ्यात वाईट काळ बहुधा मागे पडलाय.

घरात कुणाला शुगर असेल तर तुमची एकदा तपासून घ्या. सोडल्यानंतर वजन फार वाढलं तर पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोका थोडा वाढतो. पण म्हणून पुन्हा सिगारेट धरणं हा हिशेब कुठल्याच बाजूने जमत नाही. वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो, तो फायदा चार किलोंपुढे फार मोठा आहे.

फिटनेस_फंडा

सोपं आहे. भात-पोळी बंद, दिवसातून एकदाच जेवण, महिन्यात सहा किलो गायब.

मेडिकलवाली

@फिटनेस_फंडा, नुकतीच सिगारेट सोडलेल्या माणसाला उपाशी ठेवलं की तो दोनपैकी एका गोष्टीवर तुटून पडतो, आणि त्यातली एक टपरीवर मिळते. आत्ता कडक डाएट अजिबात नको. आधी सिगारेट पक्की सुटू दे, वजन फक्त आहे तिथे रोखून धरायचं. उतरवायचं नंतर बघता येईल.

सिन्नरची_लेक

आमच्या गावात घरोघरी विड्या वळायच्या, त्यामुळे तंबाखू सोडणारे आणि परत धरणारे लहानपणापासून पाहतेय. आमच्या ह्यांनी सोडली तेव्हा मी एकच केलं, चिवड्याचा डबा समोरच्या फळीवरून माळ्यावर टाकला. नाशिकच्या घरात चिवडा नसणं शक्य नाही, पण हात लांबवला की मिळेल असा नको. शंभर ग्रॅम चिवड्यात ५०० च्या आसपास कॅलरी असतात आणि टीव्हीसमोर शंभर ग्रॅम कधी संपतो कळत नाही.

डब्यात काकडी, गाजर, मुळ्याचे काप, मूठभर फुटाणे. खिशात लवंग, दालचिनीचा तुकडा, भाजलेली बडीशेप (खडीसाखर न घातलेली!). ह्यांना तोंडात काहीतरी धरायला हवं असायचं, पोटात नव्हे. दालचिनीची काडी दातात धरून फिरायचे, कंपनीत सगळे हसायचे. हसू द्या. द्राक्षांच्या दिवसांत वाटीभर द्राक्षं चालतात, पण घड समोर घेऊन बसू नका.

आणि बडीशेपवरून सुरू होऊन सुगंधी सुपारी, मग मावा, असं करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी केलं. तंबाखू ती तंबाखूच.

कॉलेजरोड_९०

व्हेप (ई-सिगारेट) करून बघा ना, तलफ भागते आणि वजनही वाढत नाही.

मेडिकलवाली

भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. जे मिळतं ते चोरून आणलेलं, आत काय भरलंय कुणास ठाऊक.

निकोटिनच हवं असेल तर २ मिग्रॅची गम दुकानात मिळते. ती घेणाऱ्यांचं वजन निदान घेत असेपर्यंत कमी वाढतं. पण लोक ती च्युइंगमसारखी कचाकचा चावतात, मग उचकी लागते, मळमळतं आणि दोष गमला. हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चव गेली की परत थोडं चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. साधारण तीन महिन्यांत कमी करत बंद. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बुप्रोपिऑन नावाची गोळीही असते, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. फिट येत असेल त्यांना देत नाहीत.

१८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. मोह झाला की मित्राऐवजी तिथे फोन करा.

सातपूरकर

खूप आभार. एक विचारायचं राहिलं. हल्ली चहानंतर छातीत धडधडतं आणि फर्स्ट शिफ्ट असली तरी रात्री झोप लागत नाही. चहा पूर्वीइतकाच आहे. आणि जागरण झालं की दुसऱ्या दिवशी खा-खा सुटते.

मेडिकलवाली

सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर मोडतं. धूर बंद झाला की तेच कॅफीन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून तोच चहा आता दुप्पट चढतो. निम्म्यावर आणा, झोपायच्या सहा तास आधीपासून बंद. साखरही आपोआप निम्मी होईल. तरीही धडधड राहिली तर एकदा दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

त्र्यंबकरोड

व्यायामाचं मी सांगतो, मीही शिफ्टवालाच. वेळ ठरवू नका, तलफ ठरवेल. ती येते आणि चार-पाच मिनिटांत उतरते. तेवढा वेळ टपरीच्या उलट दिशेला चालायचं. ब्रेकमध्ये कंपनीच्या आवारातच दोन चकरा मारा.

सलग पाऊण तास जमलं तर उत्तम, त्यात तुमचे ते २०० बऱ्यापैकी वसूल होतात. सेकंड शिफ्ट असली की सकाळी गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा ट्रॅक. फर्स्टला असाल तर सुटल्यावर थेट पांडवलेणी, अंबडवरून जवळ पडतं. पायऱ्या चढताना फुप्फुसं परत आलीत हे स्वतःलाच कळतं, काट्यापेक्षा त्याचा आनंद जास्त. म्हसरूळची चामर लेणी पायऱ्यांना भारी, पण तुम्हाला लांब. एप्रिल-मेमध्ये दुपारी यातलं काहीच नको.

गंगेवरचा

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. सकाळी सिगारेटशिवाय 'होत' नव्हतं, आता होतंय का? मला पहिले दोन महिने पोट फुगलेलं वाटायचं, आणि त्यातली निम्मी चरबी नव्हतीच.

सातपूरकर

हा हा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत काका. नाही होत. इसबगोल आणलंय, पण नाईटला कधी घ्यायचं ते कळत नाही.

मेडिकलवाली

मुख्य जेवणानंतर, मग ते जेवण सकाळी सातला असलं तरी. मोठा ग्लासभर पाण्यातून घ्या आणि वर आणखी पाणी प्या. कोरडं तोंडात टाकू नका, घशात अडकतं. घेतल्या घेतल्या लगेच आडवे होऊ नका.