एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ) निदान गोऱ्या मुलांचंच जास्त का होतं?

रेवा_एम: आम्ही अमेरिकेत असतो, मुलगा तिसरीत. टीचर म्हणते वर्गात तंद्रीत असतो, एकदा तपासून घ्या. डॉक्टर म्हणाले मार्क्स छान आहेत की, कशाला काळजी करता, झालं, संपलं. त्याच्याच वर्गातल्या दोन गोऱ्या मुलांना मात्र गोळ्या चालू आहेत. त्यांच्यात उगाच निदान करतात की आपल्या मुलांचं राहून जातं?

निळूदा: इथे जरा दंगा केला की लेबल लावतात हो. सुटलात म्हणा!

शाळेतली_बाई: निळूदा, उलटं आहे. मी इथल्याच शाळेत स्पेशल एज्युकेशनला आहे. 2013 साली पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, बालवाडीपासून आठवीपर्यंत मुलांचा माग काढलेला. वागणं, अभ्यास, घरची परिस्थिती सारखी धरली तरी काळ्या मुलांचं निदान व्हायची शक्यता गोऱ्यांपेक्षा 69 टक्के कमी, हिस्पॅनिकांची (लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांची) 50 टक्के कमी. 2021 च्या जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकातल्या अभ्यासात 2 लाख 38 हजार मुलं होती, त्यात आशियाई मुलांच्या निदानाचं प्रमाण गोऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी, आणि निदान झालं तरी उपचाराविना राहणाऱ्यांत तीच सगळ्यात पुढे. चुळबूळ तीच, पण काळ्या पोराची ती उद्धटपणात जमा होते (2013-14 मध्ये प्रीस्कूलला काळी मुलं 19 टक्के, सस्पेंड झालेल्यांत मात्र 47) आणि आपलं गप्प पोर 'शहाणं' म्हणून सुटतं.

लेकीचा_बाबा: ताई, आमचं घोडं फॉर्मवर अडलं होतं. व्हँडरबिल्टचा फॉर्म असतो, एडीएचडीच्या लक्षणांची प्रश्नावली, एक पालकांचा एक टीचरचा. 'वस्तू हरवते' समोर मी बिनधास्त 'कधीच नाही' टिक केलं, कारण दप्तर आमची हीच भरते, होमवर्कला शेजारी बसते, पाण्याची बाटलीसुद्धा हीच आठवणीने देते, मग हरवणार काय? निदानाला लक्षणं किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत वगैरे, दिसावी लागतात, आमच्या घरी ती दिसूच दिली नव्हती आम्ही. आणि सासरची मंडळी काय म्हणतील हेही डोक्यात होतंच, खोटं कशाला बोलू.

शाळेतली_बाई: अगदी हेच! रेवाताई, शाळेला इव्हॅल्युएशनसाठी (मुलाच्या तपासणीसाठी) लेखी अर्ज द्या, तोंडी नको. पैसे लागत नाहीत. आणि डॉक्टरांकडे टीचरचा फॉर्म घेऊनच जा.

रेवा_एम: दप्तर मीच भरते 🙈 आज त्याला भरायला सांगितलं. वीस मिनिटांनी बघते तर दप्तरात एकच बूट आणि हा खिडकीत उभा राहून पाऊस बघतोय. फॉर्म परत मागवते.