रबर तुटतं, मग क्वार्क सुटा का होत नाही?
वरचा प्रश्न रास्त आहे: प्रोटॉनच्या आतले क्वार्क नावाचे कण जणू रबरानं बांधलेले असतात, आणि ताणलेलं रबर शेवटी तुटतं, मग क्वार्क का सुटत नाही? तुटतं तर इथंही, पण तुटल्या टोकांवर नवे क्वार्क येऊन बसतात. क्वार्कना बांधणाऱ्या ग्लुऑन कणांवर स्वतःवरच रंगभार असतो (विद्युतभारासारखा या बलाचा भार; रंग हे नुसतं नाव), त्यामुळे क्वार्कमधलं बलक्षेत्र पसरत नाही, आवळून नळी होते. या नळीत दर फेम्टोमीटरला (साधारण प्रोटॉनच्या आकाराएवढं अंतर) सुमारे १ जीईव्ही ऊर्जा (साधारण एका प्रोटॉनच्या वस्तुमानाइतकी) साठते. म्हणजे ओढ जवळपास १६ टन वजनाइतकी, तीही एका क्वार्कवर! तेवढ्या ऊर्जेत क्वार्क आणि त्याचा प्रतिकण प्रतिक्वार्क यांची जोडी सहज बनते. म्हणून कणांच्या टकरीनंतर डिटेक्टरमध्ये सुटा क्वार्क नाही, तर दिसतात ते पायॉन-केऑनांचे (अशा जोड्यांनी बनलेल्या कणांचे) झोत. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या पेट्रा या कण आदळवणाऱ्या यंत्रात तीन झोत सापडले, त्यातला एक ग्लुऑनचा. रबराची उपमा मात्र जपून वापरा; रबराचा ताण लांबीबरोबर वाढतो, नळीचा जवळपास तेवढाच राहतो.